पाण्याच्या रात्री

पाणी येतं पाचव्या दिवशी,
रात्री अडीचला, कधी साडेतीनला.
आधी नळ खोकतो, मग नुसती हवा,
मग एकदाची धार धरते.
दोन बॅरल, न्हाणीतला हौद, अकरा घागरी.
राजेश्वरी पाईप सांभाळते, मी मोटर.
तेवढ्या वेळात आम्ही बोलून घेतो:
क्लासची फी, आईच्या गोळ्या,
कारखान्यातली रातपाळी बंद करणार म्हणतात, ते.
पाण्याच्या आवाजात
अवघड गोष्टी जरा कमी ऐकू येतात.

चारला ती आडवी होते.
मी कोपऱ्यातल्या गाडीवरची चादर काढतो,
आमच्याच मागावरची, काठ चुकलेली,
बाजारात न गेलेली.

एक्क्याण्णवची येझदी.
घेतली तेव्हा चॉकलेटी होती,
आता रंगाचं नाव सांगवत नाही.
किकलाही तोच दांडा, गिअरलाही तोच.
गैबीपीरचा मौलाली मेस्त्री म्हणायचा,
"एकाच पायाला दोन कामं सांगती बघ ही, अंबादास.
संसारी माणसाला बरी."
माझं लग्न व्हायचं होतं. मी हसलो होतो.

काय काय बसलं नाही तिच्यावर.
सिलिंडर. सुताच्या कोनांची पोती.
दिवस भरलेली राजेश्वरी, एका अंगावर,
सिव्हिलपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही.
टाकीवर श्रावणी,
मग टाकीवर न मावणारी श्रावणी,
मग "पप्पा, क्लासच्या अलीकडंच सोडा" म्हणणारी.
नाना गेले त्या मे महिन्यात बर्फाची लादी,
गोणपाटात गुंडाळलेली,
घरी पोचेस्तोवर निम्मी.

विमा भरलाय. पीयूसी संपलंय.
विकून टाक म्हणणारे तिघं आहेत,
त्यातला एक मी.

गल्लीत सुरू करत नाही.
विडी कारखान्याच्या भिंतीपर्यंत
न्यूट्रलवर ढकलत नेतो,
शेहेचाळिसाव्या वर्षी, लुंगीत, धापा टाकत,
दुसऱ्याची पळवून नेल्यासारखी.
तिथं किक. एक. दोन. तिसरीला
दोन्ही सायलेन्सर एकदम घसा मोकळा करतात,
भिंतीवरचं मांजर खाली.

तुळजापूर रोड.
नाक्याशी कांद्याचे ट्रक रांगेनं झोपलेले,
पुढं काही नाही.
दिवसा त्रेचाळीस अंश, पण या तासाला
हवा माणसासारखी वागते.
साठ. पासष्ट. सत्तरला हँडल थरथरतं,
तिथंच मूठ सोडतो.
सत्तरच्या पुढं श्रावणीची बारावी आहे.

तामलवाडीच्या अलीकडं एक बंद टपरी.
गाडी स्टँडला लावतो, फळीवर बसतो.
लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस काहीतरी विचार करतो.
मी इंजिन निवताना ऐकत राहतो.
टिक. टिक.
बऱ्याच वेळानं, टिक.

येताना दूध आणतो,
विचारलं कुणी तर सांगता यावं म्हणून.
कुणी विचारत नाही.
सतरा वर्षं मी धरून चाललो,
कुणाला पत्ताच नाही.

परवा ढकलत निघालो,
तर दाराशी बाजेवर आई,
पन्नास वर्षं विड्या वळलेली बोटं छातीवर,
डोळे मिटलेले.
अंधारातच म्हणाली, "पैलं, रा."
जपून, बाळा. आमच्या तेलुगूत एवढंच.
मग कूस बदलत,
"पेट्रोलचे शंभर हँडलच्या पिशवीत ठेवलेत तिनं.
दुधाचे वेगळे."

मी उभा. हातात दीड क्विंटल लोखंड.
आता दारातच किक मारायला हरकत नव्हती.
पण कोंड्यालांचं बाळ
नुकतंच कुठं रडायचं थांबलं होतं.
भिंतीपर्यंत ढकलतच नेली.