एकेचाळीस इंच

डॉक्टर म्हणाला, बसू नका.
मणक्याचा फोटो उजेडात धरून
त्यानं चौथ्या-पाचव्यातली जागा दाखवली.
मला तिथे खाजनाचा बांध फुटलेला दिसला.
तीस वर्षं मी बसूनच आणतेय
जुने पोर्तुगीज दस्त मराठीत :
कुणाचे माड कुठल्या ओहोळापर्यंत,
कोण साक्षी, कुणाचा नुसताच अंगठा.
आता उभं राहून आणायचे.

पाय आधी झाले. कुर्टीच्या गॅरेजात
लोखंड जोडून घेतलं, निळं रंगवलं,
वेल्डरकडे तेवढाच रंग उरला होता.
वर काय घालायचं,
यात चतुर्थी येऊन गेली.

तिस्कावरच्या प्लायवाल्यानं
चाव्यांच्या जुडग्यासारखे नमुने पुढे टाकले.
अक्रोड, ओक, रॉयल सागवान,
सगळे कागदाचे.
"मरीन घ्या, बोटीला वापरतात."
माझं टेबल कुठे जाणार होतं?
एमडीएफ मात्र त्यानंच नको म्हटलं,
"इथली हवा पितं ते, बाय,
चहात बुडवलेल्या पावासारखं फुगतं."

काचेवर कोपर ठेवलं तर गार.
कडप्पा घातला तर निळे पाय वाकतील,
शिवाय कडप्पा दिसला की
माझा हात बांगड्याची डोकी उडवायला बघतो.

पुंडलीक च्यारी म्हणाला, फणस.
वाळवी शिवत नाही, देव्हारे त्याचेच करतात,
हळदीसारखा पिवळा, मग दरवर्षी मधाकडे झुकत जातो.
त्यानं भाव सांगितला.
म्हटलं, देवांनाच राहू दे.

मग एका दाव्याचे कागद पाहायला
बोरीचा पूल ओलांडून लोटलीला गेले,
तर वाटेत बोस्त्यांव पदेराची बंद भट्टी.
मुलगे स्विंडनला. भट्टीच्या तोंडात
एक कोंबडी अंडी उबवत बसलेली,
आणि भिंतीला टेकून उभी
पाव मळायची फळी.
आंब्याची. अडीच इंच जाड, सात फूट लांब.
"व्हर गो," म्हातारा म्हणाला,
"ना जाल्यार चुलींत वतली."
पैसे नको म्हणाला. मग घेतले.

फळीत मधोमध खळगा होता,
डोळ्यांना न दिसणारा,
तळहाताला लगेच सापडणारा.
च्यारीनं रंधा काढला. "सपाट करतो."
"राहू दे."
"पाणी साठेल."
"मी कागद ठेवणार आहे."
तो हसला नाही. फक्त कडा तासल्या,
आणि अंगणभर आंबूस वास सुटला,
सुरेचा, फुगू घातलेल्या पिठाचा.

उंचीवरून मात्र अडलो.
भट्टीत ही फळी छत्तीस इंचांवर होती.
पिठाला वरून अंगाचा भार लागतो.
अक्षरांना भार चालत नाही,
माझ्या कोपराचं माप एकेचाळीस.
च्यारीनं पायांखाली ठोकळे दिले, फणसाचे,
फुकट. एवढा फणस परवडला.

उरलेले पैसे द्यायला गेले तेव्हा
बोस्त्यांव प्लास्टिकच्या खुर्चीत होता.
विचारलं, इतकी वर्षं
रात्री दोनपासून उभं राहून
पाठ कशी काय टिकली?
"टिकली? खंयची!
दोतोरान सांगलां, उबो रावूं नाका."
आणि तो खुर्चीत आणखी मागे रेलला,
एखाद्यानं दावा जिंकावा तसा.

पहिल्या आठवड्यात चिरांमधून मुंग्या आल्या.
साठ वर्षांचं पीठ कुठवर गेलंय कोण जाणे.
मी हळद टाकली नाही.
त्या त्यांच्या हद्दीत, मी माझ्या.

पेन कुठेही ठेवलं तरी
घरंगळत खळग्यात येतं.
सुरुवातीला उचलून बाजूला ठेवायचे,
आता हात आधी तिकडेच जातो.

बाराच्या सुमारास पाय कुरकुरतात.
कोपऱ्यात एक स्टूल आहे.
डॉक्टरला सांगितलेलं नाही.