भूप नव्हे

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये मशीन बसवायला
तिआनजिनहून लू साहेब आले,
सोबत तीन पेट्या. एकीत स्पिंडल, एकीत स्लाइडवे,
आणि तिसरी पॅकिंग लिस्टमध्ये नसलेली.

मी इन्स्पेक्शनची. जे यादीत नाही
त्याला लाल पेनानं गोल करायचा पगार मिळतो मला.
उघडा, म्हटलं.
आत एक षटकोनी डबा, तोंडावर अजगराची कातडी,
वर दांडा, दोन तारा,
आणि गज त्या दोन तारांच्या मधोमध अडकलेला,
काढायचा म्हटलं तरी न निघणारा.
मी ओढून बघितला.
असाच असतो, त्यांनी खुणेनं सांगितलं.

जेवणानंतर वीस मिनिटं कंप्रेसर बंद असायचा.
तेवढ्यात ते वाजवायचे, लाकडी पॅलेटवर बसून.
पहिल्या आठवड्यात, खरं सांगते,
ग्रीस संपलेलं बेअरिंग आठवलं मला.
विपुल म्हणाला, बेन, आ तो बिलाडी!
सगळे हसलो. लू साहेबही हसले,
आणि पुढचा सूर मुद्दाम मांजराचा काढला.

दुसऱ्या महिन्यात मी डबा घेऊन त्या बाजूला बसायला लागले.
तिथे पंखा होता.

मोबाइलवर टिपलं, दांडिया बाजारात आत्याला ऐकवलं.
चाळीस वर्षं मुलींकडून पलटे घोटून घेतलेली कुमुदआत्या.
चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले.
"भूपच की गं. मध्यम नाही, निषाद नाही.
आपलाच आहे हा."
आणि मला इतकं बरं वाटलं,
परमुलखातल्या पंगतीत शेजारी
माहेरच्या गावचं कुणी निघावं तसं.

मग महिनाभर त्यांच्या प्रत्येक धुनेला मी भूप लावून पाहिला.
नाही बसला तर दुर्गा.
तोही नाही तर म्हणायचं, देशकार असेल.
गेज घालायचं, गो की नो-गो,
आणि पुढचा नग.

एक सूर मात्र जाईना.
गंधाराच्या जरा अलीकडे,
जिथे आपण मींड संपवून टेकतो
तिथे ते टेकतच नसत.
बोट थरथरत राही,
मनगटाला काहीतरी आठवतंय आणि सांगायचं नाहीये, तसं.
मिलिमीटरचे चार शतांश, मी मनात नोंदलं.
रिजेक्ट लिहायला पेन उचललं, आणि वाटलं,
माझंच गेज झिजलं असलं तर?

ट्रायल पास झाली. पेढे वाटले.
लू साहेब लीलो चेवड्याची चार पाकिटं
आणि तिसरी पेटी घेऊन गेले.
मला एक पेन ड्राइव्ह दिला,
फाइलींची नावं त्यांच्या लिपीत. मी त्यांना ओळखते ती
घरासारखं दिसणारं, पाऊलवाटेसारखं दिसणारं, अशी.

घरासारख्या दिसणाऱ्या नावात
कुणीतरी सात तारांचं काहीतरी वाजवतं.
तार छेडतं. सूर विझतो.
बोट मात्र सरकत राहतं विझलेल्या तारेवरून,
नुसती घासल्याची कुजबुज,
मग तीही नाही.
आधी वाटलं रेकॉर्डिंग सदोष आहे.
दोनदा कॉपी केली, हेडफोन बदलले.
दोष नव्हता.

आता रात्री शेजारचा टीव्ही बंद झाला की
मी ते लावते. सुरासाठी नाही,
सूर संपल्यावर तो हात कुठवर जातो त्यासाठी.

परवा आत्या म्हणाली, "तुझा तो भूप लाव की."
"भूप नाहीये तो, आत्या."
"मग काय आहे?"
मला नाव येत नाही, म्हटलं. वाचता येत नाही.

लावलं. समेवर पडायला सवयीनं उचललेली
तिची तर्जनी वर गेली,
आणि कुठे पडायचं ते न कळून
तिथेच राहिली.
बराच वेळ तिनं ती खाली घेतली नाही.