सावरटेकची चार घरं

धरणाच्या फुगवट्यात सावरटेक
भाद्रपदात बेट होतं.
चार घरं, एक हापसा, अकरा शेळ्या
आणि माझी थोरली बहीण हौसा.

रविवारी सातपूरहून निघायचं,
काठावर येऊन दोनदा ओरडायचं.
पलीकडे कुणीतरी लुगडं झटकतं,
म्हणजे ऐकलं.
मग बसायचं.
निवृत्ती बेंडकोळी आधी जेवतो,
मग तंबाखू मळतो,
मग होडी.

बेटावर एकाच घरी चहा पिऊन उठता येत नाही.
चौथ्या घरी साखर संपलेली असते,
ती पहिल्या घरातून येते
आणि पहिलं घरही मागोमाग येऊन बसतं.
वारा सुटला की निवृत्ती होडी पालथी घालतो.
फोरमनला फोन लावायचा : पाण्यात अडकलोय.
त्याला वाटतं, प्यायलाय.

आमच्या कंपनीत मशीन स्वीडनचं.
त्याच्यासोबत एक कॅलेंडर आलं होतं :
मार्चच्या पानावर खडक,
खडकावर लाल घरं, चहूकडे समुद्र,
खुंटाला एक होडी.
ते पान ताईनं कणगीला चिकटवलं.
"ह्यांच्याकडं पाव्हणं येत आसतील का रे?"
म्हटलं, होडी आहे की.
ती बराच वेळ बघत राहिली.
"बाई एकबी दिसंना.
चहा टाकाया गेल्या आसतील."

पुढच्या खेपेला मी
रेड ऑक्साइडचा अर्धा डबा नेला.
ताईचं दार लाल झालं,
शिवाय एका शेळीचं शिंग.

चैत्रात पाणी उतरलं.
गाळ वाळून तडकला,
जुन्या गावाची विहीर वर आली,
मारुतीचा ओटा वर आला,
मोटारसायकल थेट अंगणात.
अंगणात कुणीच नाही.
लाल दाराला कुलूप, ताई लेकीकडे ओझरला.
शेजारचे दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत.
बाकीच्या दोन घरांचं कुणी सांगायलाही नव्हतं.

निवृत्ती पालथ्या होडीला डांबर फासत होता.
"ताईला फोन तरी करून यायचा."
म्हटलं, वाट मोकळी आहे आता,
वाटलं, माणसं असतील.
तो हसला नाही.
"आता कोन येतंय?
आता काय, कव्हाबी येता येतं."

हापशावर पाणी प्यायलो, निघालो.
काठ कुठं होता
तेच सापडेना त्या भेगांतून.
अंदाजानं एके ठिकाणी गाडी थांबवली,
वळलो,
दोनदा ओरडलो.