दोनशे लिटर

वरुडात समुद्र नाही.
वसंता खेरडेच्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानामागे
मात्र दोनशे लिटर आहे,
पार्सलनं आलेल्या मिठाचा.
त्यात दोन नारिंगी मासे.

नायट्रेट चढलं, तसे त्यानं
पीव्हीसीच्या नळीत गंधकाचे दाणे भरले.
सेकंदाला एक थेंब.
आत, हवा नसलेल्या अंधारात
जे जगतात, त्यांना घाई सोसत नाही.
थेंब फारच मंदावला
की सडक्या अंड्यांचा वास.
"काहून गा, उंदीर मेला काय?"
आर्मेचर घेऊन आलेला माणूस नाक दाबतो.

दीड महिन्यानं परीक्षानळीतला लाल
फिका पडला.
उरलेल्या औषधात, सहज म्हणून,
त्यानं घरच्या विहिरीचं पाणी घातलं.
कुंकवासारखं लाल.

वनमाला माठ भरत होती.
"थांब," तो म्हणाला,
आणि पुढचं त्याला सुचेना.