भिजलेला साबुदाणा

गालाच्या स्नायूवर काप, हाडाला समांतर.
हृदय उभं चिरायचं, उलटवून बघायचं.
मग सुरी ब्याऐंशी अंशांच्या पाण्यात.
बिल्थ वेल्सच्या कत्तलखान्यात पहाटे पाचपासून
तासाला वीस जनावरं. कानात बोळे.
आईला फोनवर सांगते, ऑफिसात आहे.

सापडतो तेव्हा कसा दिसतो, सांगू?
भिजलेला साबुदाणा. तंतोतंत.
पारदर्शक मोती, आत पांढरा ठिपका,
लाल मांसात मुक्कामाला आलेला.
कुणी कच्चट खाईल, मग त्याच्या आतड्यात
निवांत लांबत जाईल वाव-दोन वाव.
पहिला दिसला ती नेमकी एकादशी होती.
डब्यातली खिचडी तशीच परत आली.

"तीस वर्षांत इतकेच," ग्विलिम पंजा दाखवतो.
त्याच्या एका बोटाला पेर नाही.
मी साडेचार धरते.

मेंढ्यांचं तर आणखी सोपं.
कलेजीच्या नळ्या दाबल्या
की चपटे कृमी सरकत बाहेर येतात,
ओल्या पानांसारखे.
दिसतं ते सोपंच असतं.

आता चौथा महिना.
पहिल्या स्कॅनमध्ये जे दिसलं
तेही साबुदाण्याएवढंच होतं,
आत ठिपका, फक्त हा लुकलुकणारा.
सुईण रियन यादी वाचते :
कच्चं मांस नको, मांजराची घाण नको,
व्यायलेल्या मेंढ्यांजवळ तर मुळीच नको.
"आणि तुम्ही काम काय करता?"
मी सांगते. तिचं पेन थांबतं.

टॉक्सोप्लाझ्माला रंग नाही, ठिपका नाही.
माझ्या सुरीखालून, माझ्याच शिक्क्यासकट
तो गेला असेल कितीदा
दुकानात, पिशवीत, कुणाच्या रविवारात.

माझ्या रविवारात ग्विलिमच्या घरी कोकराची तंगडी.
त्याची बायको मेअर पातळ काप काढते,
आतून गुलाबी. शेजारी पुदिन्याची त्यांची गोड चटणी.
"याहून जास्त भाजलं तर चामडं होतं हो."
सगळे हसतात.
मी ताट थोडं पुढे सरकवते,
"माझं परत आत टाकाल?"

कुणी काही विचारत नाही.
मेअर माझ्या पोटाकडे बघते, मग चटणीकडे.
ग्विलिम उठतो, ओव्हनचं दार उघडतो,
"किती वेळ ते तू सांग, डॉक्टर,"
आणि माझं येईपर्यंत
आपल्या ताटाला हात लावत नाही.

चामडंच झालं होतं.
मी चावत राहिले. बराच वेळ.