विकण्याचं कारण

टप उघडणारी, दोन माणसांची, एकोणीसशे सदुसष्टची.
रंग गडद हिरवा. आठ हात,
आणि प्रत्येक हातानंतर ओल्या पॉलिशपेपरनं घासलेला,
कोपरापर्यंत हिरवं होऊन.
तारांची चाकं, एकेकात साठ तारा.
मोजल्यात, कारण मीच त्या ताणल्यात
नखानं वाजवून वाजवून, सूर जुळेपर्यंत.

एवढं लिहिलं आणि चहा गार झाला.
खांद्यावरून वाचत एनिड म्हणाली,
'गंजाचं लिही. लोक गंजाचंच विचारतात.'

गंज.
व्हिटबीत समुद्र रात्री उठून गल्ल्यांतून हिंडतो,
बिजागऱ्या चाटतो, कुंपणं चाखून बघतो.
ही मिळाली ती वर माळावर, रॅस्ट्रिकच्या गोठ्यात.
तळाचा पत्रा असा की पाय ठेवावा
तर खालचं गवत लागावं.
सीटच्या स्प्रिंगांत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली.
'कोंबडी माझी,' रॅस्ट्रिक म्हणाला,
'बाकीचं तू ने.'

अकरा वर्षं.
पहिली तीन नुसती कापण्यात गेली.
ठिणग्यांनी माझ्या सगळ्या स्वेटरांना डोळे पाडले.
एक अख्खा हिवाळा इंजिन जेवणाच्या टेबलाखाली होतं;
पाहुण्यांना सांगायचो, पाय ठेवा खुशाल.
टप एनिडनं शिवला.
तीन सुया मोडल्या, चौथीनं ऐकलं.

आता गंज नाही.
एवढंच लिहिलं.

मग तो रकाना : विकण्याचं कारण.
लिहिलं, गुडघे.
खोडलं. गुडघे बरे आहेत.
लिहिलं, जागेची अडचण.
पण गॅरेजात हल्ली इतकी जागा आहे
की माझ्या खोकल्याला उत्तर येतं.
तेही खोडलं.

मागच्या ऑगस्टात आम्ही मूर ओलांडून
पिकरिंगपर्यंत गेलो होतो.
टप उघडा, दोन्हीकडे हेदर फुललेलं,
एनिडच्या डोक्याला रुमाल,
सगळं कसं असायला हवं तसं.
आणि मी रस्ताभर कान लावून बसलेला,
आता काहीतरी बिघडेल, आता बिघडेल.
काहीच बिघडलं नाही.
परतताना मी बोललो नाही.
एनिडनं विचारलं,
'कुणी गेलंय का, वॉल्टर?'

तेव्हा लिहिलं : काम संपलं.

शनिवारी लीड्सहून एक बाई आल्या,
दातांच्या डॉक्टर, ऑल्डरॉइड नावाच्या.
खिशातून फ्रीजवरचा चुंबक काढून
मडगार्डावरून हळूहळू फिरवला.
पुटी भरलेली असेल तिथं तो धरत नाही.
सगळीकडे धरला.
मग बोटाच्या पेरानं दारं वाजवली,
मान कलती करून ऐकलं.
'हे डावं. आत काहीतरी आहे.'

आहे. माझी पेन्सिल.
सहाव्या वर्षी काच बसवताना निसटली.
काढायची तर दार पुन्हा सगळं उघडावं लागेल.
'उघडू?' मी विचारलं, जरा घाईनंच;
पाना कधी हातात आला कळलं नव्हतं.
त्यांनी पान्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
'राहू दे,' म्हणाल्या. 'वळणावर वाजेल.
सोबत होईल.'

टेकडी चढताना गिअर जरा उशिरा बदलला.
होईल सवय.
आवाज चर्चच्या मागं गेला,
पुलाशी एकदा आला,
मग नुसते समुद्रपक्षी.

फरशीवर तेलाचा डाग, तळहाताएवढा.
जाहिरातीत तेवढा लिहायचा राहिला होता.
एनिडनं त्यावर कालचं वर्तमानपत्र पसरलं
आणि आत गेली.
तेल कागदातून वर येत होतं.
मी उकिडवा बसलो,
मान वाकडी करून उलटीकडून वाचू लागलो
छोट्या जाहिराती,
ओल्या होण्याआधी.