ओझरहून सकाळचं विमान

पडद्यावर माझ्या जाकिटाच्या खिशात
छाटणीची कात्री निघाली.
लाल मुठीची. राहूनच गेली होती.

"काका, ही नाही जाणार वर."
तपासणीवाली मुलगी, छातीवर नाव गांगुर्डे.
मग जरा हळू, "बाग कुठं?"
"मोहाडीला."
"आमचीपण होती,"
असं म्हणत तिनं पुढचा ट्रे ओढलासुद्धा.

भाचा जानोरी ओलांडून गेला असेल.
फोन केला. पिकअप वळली.
एवढंसं विमानतळ,
काचेतून तिचा हॉर्न ओळखू येतो.
मघाशी बॅगेला चिठ्ठी बांधणाराच पोरगा
कात्री कागदात गुंडाळून
धावत बाहेर देऊन आला,
आणि विमानाच्या शिडीखाली पुन्हा तोच, हात जोडून.

धुक्यानं पाऊण तास खाल्ला.
चहावाल्यानं सुटे नाहीत म्हणून
दोन बिस्किटं वर दिली.
कुणीतरी विचारलं, "बंगळूरला कायमचे का?"
मी म्हटलं, "नातवाची मुंज आहे."
मुंज झालेली आहे. मागच्या वर्षी.

वरून सगळे मांडव सारखेच,
कंगव्याचे दात.
कुठला आपला, शोधत राहिलो,
हात खिशात,
मूठ अर्धी उघडी,
कात्री असल्यासारखी.